दोन्ही गट सारखेच

मी त्या वेळी सरकारी कचेरीच्या तपासणी शाखेत होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामाचा कुणाला काही उपयोग झाला का, एवढंच आम्ही बघायचो. आम्ही आलो की लोकांचे चेहरे उतरायचे. त्यांना वाटायचं, ही बाई चुका शोधायला आली. खरं सांगायचं तर चुका बघून मला कंटाळाच यायचा, कारण त्या सगळीकडे सारख्याच असतात. एखादी गोष्ट नीट चाललेली दिसली की मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसायची. असे खुर्ची पुढे ओढायचे प्रसंग माझ्या नोकरीत फार आले नाहीत. त्यातला सगळ्यात मोठा मुलांच्या सुधारगृहातला. आता पुष्कळ गोष्टी विसरायला होतात, सकाळची गोळी घेतली की नाही हेसुद्धा सुनेला विचारावं लागतं, पण ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

सुधारगृह शहराच्या कडेला होतं. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत चौकोनी अंगण आणि अंगणाच्या चारी बाजूंना लांबच लांब खोल्या. मुलं बारा-तेरापासून सतरापर्यंतची. कुणी चोरीत सापडलेला, कुणी मारामारीत, कुणी नुसताच पुन्हा पुन्हा घरातून पळालेला. तिथे दोन नवे उपक्रम सुरू झाले होते. पहिला समुपदेशनाचा, म्हणजे मुलांशी एकेकट्यानं बसून बोलण्याचा. दुसरा खेळाचा. वरून हुकूम आला, की दोन्हींपैकी एकच कायम राहील, कुठला ते तपासणी करून कळवा. मी तपासणीवर गेले.

समुपदेशनाच्या बाई आणि खेळाचे मास्तर हे वहिनी आणि दीर होते, ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली. बाईंना आधी नोकरी लागली, त्यांनीच घरी येऊन दिराला सांगितलं, की खेळाची जागा निघाली आहे, अर्ज कर. दोघं एका घरातून एकत्र निघायचे, एका स्वयंपाकघरात जेवायचे, आणि आता माझ्या अहवालानं दोघांतल्या एकाचं काम जाणार होतं.

"म्हणजे निकाल कसाही लागला तरी आमच्या घरात एक जण पास आणि एक जण नापास," मास्तर म्हणाले. उंच, काळेसावळे, आवाज मैदानावर वापरून वापरून मोठा झालेला. "तुम्ही असं करा बाई, वहिनींनाच पास करा. त्या नापास झाल्या तर मला घरात जेवण मिळायचं नाही."

"भाऊजी, उगाच काहीतरी बोलू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही नापास झालात तर सासूबाई मला घरात राहू देतील का?"

दोघंही हसले. पण हसून झाल्यावर दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

बाईंची खोली कोठीच्या शेजारी होती, अगदी लहानशी. त्यात दोन खुर्च्या तिरप्या ठेवलेल्या. "समोरासमोर बसवलं की पोराला ठाण्यात बसवल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "तिरपं बसलं की त्याला खिडकीतून बाहेर बघता येतं. माझ्याकडे बघायचं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं." मूल बोलता बोलता अडकलं की त्या चष्मा काढायच्या, पदरानं पुसत बसायच्या आणि म्हणायच्या, "घाई नाही. मी कुठे जात नाहीये." एवढंच. कित्येक मुलं महिनोन् महिने काहीच बोलायची नाहीत. बाई चष्मा पुसत राहायच्या.

मास्तरांकडे एक जुना, पुन्हा पुन्हा शिवलेला चामड्याचा चेंडू होता. त्यांचा पहिला धडा धावायचा नव्हता, फेकायचाही नव्हता. मुलांना गोल उभं करायचे आणि सांगायचे, "नाव, नजर, मग चेंडू." ज्याच्याकडे फेकायचा त्याचं आधी नाव घ्यायचं. त्यानं मान वर करून बघेपर्यंत थांबायचं. मगच फेकायचा. मी विचारलं, एवढं कशाला? मास्तर म्हणाले, "ज्याच्या अंगावर घरात आयुष्यभर वस्तू फेकल्या गेल्यात ना बाई, त्याला चेंडूसुद्धा दगडच वाटतो. चेंडू आला की तो हात पुढे करत नाही, डोकं झाकतो."

आमच्या कचेरीनं तपासणीची पद्धत ठरवून दिली होती. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करायचे. एका गटाला फक्त बोलणं, दुसऱ्याला फक्त खेळ. एका गटाचा वारा दुसऱ्याला लागता कामा नये, नाहीतर कशाचा गुण कशामुळे आला ते कळणार नाही. म्हणून झोपायच्या खोल्या वेगळ्या, जेवायच्या रांगा वेगळ्या, मैदानाच्या वेळा वेगळ्या. सुधारगृहाचे अधीक्षक शिस्तीचे आणि सरळ गृहस्थ. त्यांनी सगळ्या मुलांना अंगणात उभं करून हुकूम मोठ्यानं वाचून दाखवला. "ज्या उपक्रमाचा फायदा दिसेल तो राहील. दुसरा बंद होईल. तुमच्यापासून काही लपवून ठेवणार नाही." हुकूम असा वाचून दाखवायची काही गरज नव्हती, पण अधीक्षकांना लपवाछपवी जमायची नाही.

मुलांनी मला लगेच नाव ठेवलं, मोजणीबाई. मी मोजायचीच. मारामाऱ्या किती झाल्या, रात्री कोण दचकून उठतं, पळून जायचा प्रयत्न कुणी केला, खिडक्यांच्या काचा किती फुटल्या. शिवाय प्रत्येक मुलाशी मी स्वतः बोलायची, सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा. सुरुवातीच्या मोजणीत दोन्ही गट सारखेच वाईट होते. गटांत फरक पडायचा तो नंतर, असं आमचं गणित.

मधल्या मोजणीला मी चक्रावले. मारामाऱ्या निम्म्याहून कमी. काचा बसवायला येणारा काचवाला फाटकावर तोंड पाडून बसलेला. "काय झालंय हो इथल्या पोरांना? आजारी आहेत का?" त्यानं मला विचारलं. पण गंमत अशी, की दोन्ही गट अगदी सारखेच सुधारले होते. बोलणाऱ्यांच्या गटात जेवढी मारामारी कमी, तेवढीच खेळणाऱ्यांच्या. मी आकडे पुन्हा मांडले, पुन्हा तेच. असं कधी होत नाही. भावाभावांचे गुणसुद्धा एवढे सारखे येत नाहीत.

मग मुलांशी बोलायला बसले. खेळाच्या गटात एक दांडगा मुलगा होता, सगळे त्याला काचफोड्या म्हणायचे. नावावरून कळतंच. त्याच्याशी बोलताना माझ्या पेनातली शाई संपली. मी पिशवी उलटीपालटी करू लागले, दुसरं पेन सापडेना. तो शांतपणे म्हणाला, "घाई नाही, बाई. मी कुठे जात नाहीये." आणि त्याचा हात आपोआप नाकावरून खाली आला, चष्मा काढावा तसा. त्याला चष्मा नव्हता. समुपदेशनाच्या खोलीत तो एकदाही गेला नव्हता.

त्याच्यानंतर बोलण्याच्या गटातला एक किडकिडीत मुलगा आला. तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून त्याला वकील म्हणायचे. त्याला काहीतरी खोडायचं होतं, त्यानं खोडरबर मागितलं. मी टेबलापलीकडून ते फेकणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा बाई. आधी नाव घ्या, मी बघतो, मग टाका." मी हात वर तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मास्तरांच्या मैदानावर तो कधी उतरला नव्हता.

म्हणजे वारा लागत होता. पण कुठून? मी मनातल्या मनात सगळं सुधारगृह फिरून आले. झोपायच्या खोल्यांना मध्ये पहारा. जेवणाच्या रांगा लांब. अंघोळीच्या वेळा निराळ्या. आणि मग लक्षात आलं, धुलाई. कपडे धुवायच्या पाळ्या फार पूर्वीपासून कपड्यांवरच्या आकड्यांप्रमाणे लागायच्या, गटांशी त्यांचा काही संबंध नव्हता. आमच्या कचेरीनं जेवणाचा, झोपेचा, खेळाचा, प्रार्थनेचा विचार केला होता. धुलाईचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण धुलाई हा काही उपक्रम नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धुलाईच्या बाजूला गेले. पुढे हौद, त्यामागे पाणी तापवायची भट्टी आणि भट्टीमागे कपडे वाळवायची लांब खोली. भिंतीतून भट्टीची ऊब यायची म्हणून चादरी तिथे टांगायच्या. दार लोटलेलं होतं. आत गेले तर तोंडावर गरम, ओली हवा आली, साबणाची. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या चादरी टांगलेल्या, आणि चादरींच्या खालून पलीकडचे पाय दिसत होते. गोल करून बसलेल्या मुलांचे अनवाणी पाय. मी दोन ओळी ओलांडून पुढे गेले आणि तिसऱ्या चादरीमागे थांबले. दोन चादरींच्या फटीतून दिसत होतं.

मधोमध पालथ्या घातलेल्या टबावर काचफोड्या बसला होता. बाजूला दुसरा टब, तिरपा ठेवलेला. दोन्ही गटांतली मुलं, सरमिसळ. चामड्याचा चेंडू नव्हता, तो मास्तरांच्या कपाटात कुलूपबंद असायचा. त्यांनी मोज्यांत मोजे कोंबून, वरून पंचा गुंडाळून स्वतःचा चेंडू केला होता.

"चला, सत्र सुरू," काचफोड्या बाईंच्या आवाजात म्हणाला. पोरं खिदळली. "हसू नका रे. बाई हसतात का?"

"बाई हसतात," वकील म्हणाला. "मी काल खुर्चीवरून पडलो तेव्हा हसल्या."

"तू गप. तुझ्याकडे चेंडू आहे का? नाही ना?"

बघता बघता मला त्यांचा नियम कळला. ज्याच्या हातात चेंडू, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. बोलून झालं की दुसऱ्याचं नाव घ्यायचं, त्याची नजर येईपर्यंत थांबायचं, मग चेंडू टाकायचा. बोलायचं नसेल तर चेंडू जमिनीवर एकदा आपटून पुढे द्यायचा, कुणी विचारायचं नाही का म्हणून. वहिनींचं बोलणं आणि दिराचा चेंडू, दोन्ही या पोरांनी एकत्र शिवून टाकले होते.

पहिले दोघं-तिघं काहीबाही बोलले. एकानं आईचं पत्र आलं नाही म्हणून सांगितलं, एकानं जेवणातल्या मिठाविषयी तक्रार केली, त्यावर वकिलानं चेंडू नसतानाही भाषण केलं आणि शिव्या खाल्ल्या. मग काचफोड्यानं नाव घेतलं, "कुलूप."

कुलूप हा बोलण्याच्या गटातला. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. कुठलंही कुलूप तारेनं उघडायचा, म्हणून नाव कुलूप. बाईंच्या खोलीत तो पहिल्यापासून यायचा, तिरप्या खुर्चीत बसून खिडकीतून बाहेर बघायचा आणि "हो बाई", "नाही बाई" एवढंच बोलून जायचा. बाईंनी त्याच्यापायी चष्मा पुसून पुसून झिजवला होता.

त्यानं मान वर केली. चेंडू आला, त्यानं झेलला. आता तो आपटेल, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असावं. त्यानं चेंडू मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून राहिला. कुणी हललं नाही. बाहेर भट्टीतलं लाकूड तडकल्याचा आवाज आला.

पुढे तो जे बोलला ते मी तेव्हा कुठेही लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते त्याला विचारून. तो आता स्वतः आजोबा झाला आहे, मला म्हणाला, लिहा बाई, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

"आई कामाला जाताना आम्हाला आत कोंडून जायची," तो म्हणाला. "मला आणि धाकटीला. बाहेरून कुलूप. एकदा स्टोव्ह पेटता राहिला. धूर झाला. धाकटी रडायला लागली. मी दार ओढलं, ओढलं, खूप ओढलं. दाराच्या फटीतून कुलूप दिसत होतं मला. एवढंसं होतं." त्यानं बोटांनी दाखवलं. "शेजाऱ्यानं दार फोडलं. धाकटी वाचली. पण तिचा हात भाजला, बोटं सरळ होत नाहीत." त्यानं चेंडूवरचा पंचा पुन्हा घट्ट गुंडाळला. "तेव्हापासून कुलूप लागलेलं बघवत नाही मला. मला कुणाचं काही चोरायचं नव्हतं. उघडायचं होतं फक्त. उघडल्यावर मी आत पण जायचो नाही कधी कधी. पण पकडल्यावर असं कोण ऐकतो?"

मी कित्येक समुपदेशकांची कामं तपासली होती, मोठमोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकली होती. ऐकणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. दोन डझनांहून जास्त पोरं, एरवी अंघोळीच्या तांब्यावरून एकमेकांची डोकी फोडणारी, त्या एका मुलाकडे अशी बघत होती, की जणू तो हातात काहीतरी काठोकाठ भरलेलं घेऊन चालला आहे आणि ते सांडता कामा नये. कुणी अरेरे म्हणालं नाही. कुणी त्याची पाठ थोपटली नाही. काचफोड्यानं नसलेला चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. त्यात आता चेष्टा नव्हती.

"घाई नाही," तो म्हणाला. "मी कुठे जात नाहीये."

"जाणार कुठे तू, बाहेर पहारा आहे!" वकील म्हणाला.

आणि कुलूप हसला. आधी तोच हसला, मग सगळे. मला रडू फुटलं. मी तोंडावर पदर धरला, पण त्या नादात चादरीला हात लागला, चिमटा सुटला आणि अख्खी चादर माझ्या डोक्यावरून खाली आली.

"मोजणीबाई!"

क्षणात सगळे उठून उभे राहिले. काचफोड्यानं कुलपाच्या हातातला मोज्यांचा चेंडू ओढून पाठीमागे लपवला. चादरीतून डोकं बाहेर काढून मी म्हटलं, "बसा रे. मी कुणाला बोलावणार नाही." कुणी बसेना. मग मीच पालथ्या टबावर बसले.

वकील पुढे आला. "बाई, यात गुन्हा नाही. आम्ही कपडे घडी करतोय, घड्या करता करता बोलतोय. बोलायला बंदी नाही."

"तुमचे गट वेगळे आहेत," मी म्हटलं.

"चादरी सगळ्यांच्या एकच आहेत."

"कधीपासून चाललंय हे?"

त्यानं काचफोड्याकडे बघितलं. काचफोड्या म्हणाला, "मोठ्या साहेबांनी हुकूम वाचला ना अंगणात, तेव्हापासून. दोघांतलं एक जाणार म्हणाले. बाई तरी जाणार नाहीतर मास्तर तरी. मग आम्ही ठरवलं, दोन्ही गट सारखेच सुधारायचे. मग कुणाला काढतील?"

"सुधारायचं ठरवलंत तुम्ही?"

"छे हो," वकील म्हणाला. "नाटक करायचं ठरवलं. ह्यांनी आम्हाला खेळाचं शिकवायचं, आम्ही ह्यांना बोलण्याचं. म्हणजे तुम्ही विचारलंत की दोघांना सगळं येईल. पण नाटकाला तालीम लागते ना, बाई? रोज तालीम करायला बसलो." तो थांबला. त्यानं कुलपाकडे बघितलं. "तालमीत हे असं झालं."

मला त्यांना खरं सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "पोरांनो, तुमचा बेत हुशारीचा आहे. पण कचेरीत वेगळा हिशेब असतो. दोन्ही सारखे आले तर साहेब म्हणतील, मग सोपं असेल ते ठेवा. चेंडू सोपा आहे. तुमच्या बाई जातील."

त्यांचे चेहरे बघवत नव्हते. काचफोड्या खालीच बसला. "म्हणजे आम्हीच बाईंना घालवलं?"

"अजून नाही. मी हे जे पाहिलं ते लिहिलं, तर कदाचित दोघं राहतील. पण मग ही खोली सगळ्यांना कळेल. अधीक्षक गटांवर पहारा बसवू शकतात. खोलीला कुलूप लावू शकतात. काय होईल ते मी सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. लिहू की नको?"

त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही. माझ्यासमोरच चेंडू फिरायला लागला. नाव, नजर, चेंडू. एक म्हणाला लिहा. एक म्हणाला नको, ही एकच जागा आहे आपली. एकानं आपटून पुढे दिला. वकील दोन्ही बाजूंनी बोलला. शेवटी कुलपाकडे आला.

"बाईंनी माझ्यासाठी किती दिवस चष्मा पुसला," तो म्हणाला. "मी त्यांच्यासमोर नाही बोललो. पण त्यांच्यामुळे बोललो. लिहा. खोली गेली तर दुसरी बघू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी सांगितलेलं तेवढं नको. बाईंना ते मी स्वतः सांगेन."

शेवटची मोजणी झाल्यावर अहवालाची बैठक अधीक्षकांच्या खोलीत झाली. आमचे साहेब शहरातून आले. वहिनी आणि दीर भिंतीजवळच्या बाकावर, दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी उभी राहून सगळं सांगितलं, कुठल्याही मुलाचं नाव न घेता. मोज्यांचा चेंडू, पालथे टब, चष्मा पुसणं. मास्तर एकदा "माझं नाव-नजर?" असं पुटपुटले. बाईंनी चष्मा काढला, पण तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसल्या. त्या दोघांनाही यातलं काहीच माहीत नव्हतं.

साहेब चिडले. "म्हणजे सगळी तुलना बिघडली. वर्षाचं काम वाया!"

"वाया नाही गेलं, साहेब. आपण बघायला निघालो होतो, की कशाचा उपयोग होतो. मला दिसलं की दोन्ही एकत्र आल्यावर होतो."

"मला एक सांगा. कुठला ठेवायचा?"

"एक सांगता येत नाही. एक काढलात की उरलेला आज आहे तसा राहणार नाही."

"मग मला ते दाखवा. आत्ता. चला त्या खोलीत."

"तेही करता येणार नाही," मी म्हटलं. "आपण दारात उभे राहिलो की ती नुसती कपडे घडी करणारी पोरं होतील."

माझ्या नोकरीत वरिष्ठांशी मी इतकं उद्धट कधी बोलले नव्हते. साहेब लाल झाले. तोवर गप्प बसलेले अधीक्षक उठले. आता ते खोलीला कुलूप लावतो म्हणणार, असं मला वाटलं.

"त्या खोलीत गेल्या वर्षी दोन पोरांनी एकमेकांची डोकी फोडली होती," ते म्हणाले. "म्हणून मी मुद्दाम तिकडे लक्ष ठेवून असतो. हल्ली तिथून आवाज येत नाहीत. मला वाटलं, पोरं थकली असतील." ते माझ्याकडे वळले. "चादरींच्या घड्या वेळेवर होतात का तिथे?"

"होतात."

"नीट होतात?"

"नीट होतात."

"मग धुलाईच्या पाळ्या आहेत तशाच राहतील. त्या माझ्या अखत्यारीत आहेत. बाकीचं तुम्ही ठरवा."

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "तुलना अपुरी असल्याने निर्णय पुढील तपासणीपर्यंत स्थगित. तोपर्यंत दोन्ही उपक्रम चालू ठेवावेत." पुढची तपासणी कधीच झाली नाही. सरकारी कामात तात्पुरतं म्हणून ठेवलेलं जितकं टिकतं, तितकं कायमचं टिकत नाही. बाई आणि मास्तर दोघंही तिथूनच निवृत्त झाले.

बाहेर आल्यावर दोघं व्हरांड्यात उभे होते. मास्तर म्हणाले, "वहिनी, पोरांना तुमची नक्कल चांगली जमते म्हणे. एकदा बघायला पाहिजे."

"काही गरज नाही, भाऊजी. आणि तुम्ही त्यांना नजर वगैरे शिकवलीत, ते मला घरी कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"बरोबर. रोज ताटावर बसून तुम्ही फक्त भाजीत मीठ कमी म्हणून सांगता."

ते तसेच भांडत फाटकाकडे गेले. मी पिशवी उचलून अंगण ओलांडायला लागले. तेवढ्यात धुलाईच्या बाजूनं कुलूप आला, हातावर घडी केलेल्या चादरींची चळत, हनुवटीनं दाबून धरलेली. तो थांबला.

"बाई, उद्या कोण येणार? बाई की मास्तर?"

"दोघं."

"दोघं?"

"दोघं येणार. खोलीही राहणार."

चादरी तशाच घेऊन तो उलट वळला आणि वाळवायच्या खोलीत गेला. आता आत आरडाओरडा होईल, टब वाजतील, म्हणून मी हसत थांबले. ओरडा झाला नाही. सगळं एकदम शांत झालं, आणि तसंच शांत राहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मोजणीबाई असूनही ते मोजायचं माझ्या मनात आलं नाही. मग आतून वकिलाचा आवाज आला, जरा बसलेला, "चला रे, चादरी राहिल्यात." आणि ओल्या कापडाचे झटके ऐकू यायला लागले.